तिसरा रकाना

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाताना सुलतानपूर लागतं आणि तिथून लोणारचा रस्ता फुटतो. त्या फाट्यावरच्या एका चहाच्या हॉटेलात माझ्या चुलतभावाच्या मुलाने मला त्याची वही दाखवली. कृषी केंद्राने फुकट वाटलेली, मुखपृष्ठावर तणनाशकाची जाहिरात असलेली वही. आत पट्टीने आखलेले रकाने होते: तारीख, सामना, पहिला भाव, शेवटचा भाव, निकाल. निकालाच्या रकान्यात हिरव्या पेनाच्या खुणा जास्त, लाल कमी.

"काका, तुम्हाला वाटतो तसा हा जुगार नाही," तो म्हणाला. "भाव सकाळी एक असतो आणि संध्याकाळी दुसरा. ज्या बाजूला तो सरकतो तिकडे जाणकारांचा पैसा गेलेला असतो. आपण फक्त त्याच्या मागे जायचं. हा अभ्यास आहे."

पोरगा हुशार आहे. बी.एस्सी. झालाय, स्पर्धा परीक्षा देतोय, घरी सहा एकरांत सोयाबीन आणि तूर आहे. ही विद्या तो अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवरचे व्हिडिओ पाहून शिकला आणि इथे आयपीएलवर लावतो. त्या दिवशी मी त्याला जे उत्तर दिलं ते घाईचं होतं आणि त्यात उपदेशच जास्त होता. उपदेशाचा उपयोग नसतो. जुगाराने धर्मराजाचं काय झालं हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे. त्याचा दावा हिशेबाचा आहे, तेव्हा उत्तरही हिशेबानेच द्यायला हवं. शिवाय तो एकटा नाही. प्रत्येक गावात फोनमध्ये मान घातलेली अशी चार-दोन पोरं आहेत आणि 'अभ्यास' हा शब्द त्या सगळ्यांच्या तोंडी आहे.

आधी त्याची बाजू नीट मांडतो, कारण ती वाटते तितकी पोकळ नाही.

अमेरिकेत कॉलेजांच्या फुटबॉल सामन्यावर पैज लागते ती केवळ कोण जिंकणार यावर नसते. तगडा संघ दुबळ्या संघाला काही गुण आधीच 'देतो'. समजा, भाव साडेदहाचा आहे. मग तगड्या संघावर लावणाऱ्याला तो संघ अकरा किंवा जास्त गुणांनी जिंकावा लागतो, नाहीतर पैसे गेले. या गुणफरकाच्या पद्धतीचं श्रेय १९४०च्या दशकात शिकागोत धंदा करणाऱ्या चार्ल्स मॅकनील यांना दिलं जातं. पुढच्या शनिवारच्या सामन्यांचे आकडे साधारण आदल्या रविवारीच जाहीर होतात आणि मग आठवडाभर हलत राहतात. तिथे वरच्या श्रेणीत १३०हून अधिक संघ आहेत. इतक्या संघांची दुखापत, हवामान, प्रशिक्षकाची मर्जी असली बित्तंबातमी बुकीलाही रविवारी नसते, म्हणून पहिला आकडा कच्चा असतो. जाणकार त्यातली चूक हेरून पैसा लावतात, आकडा सरकतो आणि सामना सुरू होईपर्यंत पिकून बरोबर जागी येतो.

आपल्याकडे गुणफरक नाही, पैशांचा भाव आहे. 'नव्वद-ब्याण्णव' म्हटलं की फेव्हरिट संघावर हजार लावणाऱ्याला जिंकल्यावर नऊशे मिळणार. तोच भाव 'खाणाऱ्याला' तो संघ हरल्यास हजार मिळणार आणि जिंकल्यास नऊशे वीस द्यावे लागणार. मधले दोन पैसे बुकीच्या गल्ल्यात. सकाळचा नव्वदचा भाव संध्याकाळी सत्तरवर आला, तर त्या संघाच्या जिंकण्याची शक्यता बाजाराच्या लेखी वाढली, हे खरंच आहे.

आता त्याचं जेवढं बरोबर आहे तेवढं मान्य करून टाकतो. शेवटचा भाव पहिल्या भावापेक्षा सत्याच्या जवळ असतो, ही गोष्ट पैजेच्या धंद्यातला प्रत्येक जाणकार मानतो. ज्याला वर्षानुवर्षं शेवटच्या भावापेक्षा चांगला भाव पकडता येतो, तो कमावतो, हेही खरं. भाव सरकला तो संघ जास्त वेळा जिंकतो हेसुद्धा खरं. त्याच्या वहीतल्या हिरव्या खुणा खोट्या नव्हत्या.

खोटं आहे ते त्यातून काढलेलं अनुमान. बाजाराने ज्याला फेव्हरिट ठरवलं तो संघ जास्त वेळा जिंकणारच. प्रश्न एवढाच असतो की त्या जिंकण्याचे पैसे किती मिळाले आणि हरण्याचे किती गेले.

कागद घेऊन बसू. समजा, एखाद्या संघाची जिंकण्याची खरी शक्यता अशी आहे की २०० सामन्यांत तो ११७ जिंकेल आणि ८३ हरेल. सकाळी भाव नव्वद होता. दर वेळी हजार लावणाऱ्या माणसाला ११७ वेळा नऊशे मिळाले, म्हणजे १,०५,३०० रुपये. ८३ वेळा हजार गेले, म्हणजे ८३,०००. हातात उरले २२,३०० रुपये. छान. आता त्याच्या पैशाने भाव सत्तरवर आला आणि माझा पुतण्या 'जाणकारांचा पैसा कुठे गेला' हे पाहून त्याच संघावर तेवढीच रक्कम लावू लागला. त्याला ११७ वेळा सातशेच मिळाले, म्हणजे ८१,९००. गेले तेवढेच, ८३,०००. अकराशेचा तोटा. संघ तोच, सामने तेच, हिरव्या-लाल खुणाही त्याच. एकाच्या घरी बावीस हजार आले, दुसऱ्याच्या घरून अकराशे गेले.

मग उलट्या बाजूला जावं, भाव खावा म्हटलं, तर सत्तर-बहात्तरच्या बोलीत बहात्तरने खावा लागतो. ८३ वेळा हजार मिळाले, ११७ वेळा सातशे वीस गेले: ८३,००० आले आणि ८४,२४० गेले. इथेही तोटाच. पिकलेल्या भावाला दोन्ही बाजूंनी काटे असतात, कारण मधले दोन पैसे कोणीतरी घेतच असतं.

अमेरिकेतला हिशेब याहून वेगळा नाही. तिथे १०० जिंकायला ११० लावावे लागतात. शंभरातले पन्नास अंदाज बरोबर आले तर ५,००० मिळतात आणि ५,५०० जातात. बावन्न बरोबर आले तरी ८० डॉलरांचा खड्डा राहतो. त्रेपन्नाव्या बरोबर अंदाजानंतर कुठे नफ्याचं तोंड दिसतं. नाण्याचा छापा-काटा आणि नफा यांच्यातलं अंतर जेमतेम अडीच टक्क्यांचं, आणि ते अडीच टक्के आधी सरकलेल्या भावात कोणीतरी उचलून नेलेले असतात. वरातीमागून आलेल्या घोड्याला मिरवणूक दिसते, पण नवरदेव त्याच्यावर बसत नाही.

यावर पुतण्याचं उत्तर तयार होतं: "मग लवकर लावायचं, काका. भाव सरकायला लागला की लगेच."

इथे तो दुसऱ्या खड्ड्यात पडतो. भाव सरकताना दिसला तरी कोणी सरकवला ते दिसत नाही. तीन कारणं असू शकतात. कोणाला तरी खरी बातमी कळली असेल. एका बाजूला गिऱ्हाइकांची गर्दी झाल्यामुळे अंगावरचा बोजा हलका करायला बुकीने भाव बदलला असेल. किंवा गर्दी ओढण्यासाठी कोणी मुद्दाम हलवला असेल. फोनच्या पडद्यावर तिन्ही हालचाली हुबेहूब सारख्या दिसतात.

आपल्या जिल्ह्याला अशी हालचाल वाचायची सवय जुनी आहे. आपण घाटावरचे, पण घाटाखाली जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडतात. शेतात वर्तुळ करून अठरा धान्यं ठेवतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, पापड, कुरडई, विड्याचं पान. रात्रभर तिथे कोणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे वाघ घराण्यातले वारसदार कोणतं धान्य किती सरकलं ते पाहून पीकपाण्याचं आणि राजाच्या गादीचं भाकीत सांगतात. तीनशेहून अधिक वर्षांची परंपरा म्हणतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले तिला शास्त्रीय आधार नसल्याचं सांगतात आणि मला त्यांचं पटतं. दाणा वाऱ्याने सरकतो, मुंगीने सरकतो.

पण भेंडवळच्या बाजूने दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. भाकीत ऐकायला आलेल्या शेतकऱ्याकडून तिथे कोणी हजाराची पैज लावून घेत नाही. आणि मुंगीला तुमच्या सोयाबीनमध्ये रस नसतो. फोनवरचा दाणा ज्याने रात्रीतून सरकवला, त्याला तुमच्या हजारात रस असतो. पुतण्या भेंडवळला हसतो आणि घरी येऊन दुसऱ्याच्या घटातले दाणे मोजत बसतो.

मुद्दाम हलवलेला भाव कसा असतो, हे शेतकऱ्याच्या पोराला मी सांगायची गरज नाही. नव्या हंगामात कापसाची खरेदी सुरू होते त्या दिवशी काय होतं? काट्याची पूजा होते, नारळ फुटतो, पहिल्या गाडीच्या मालकाला शाल-टोपी मिळते आणि त्याच्या कापसाला 'मुहूर्ताचा भाव' निघतो. चांगला घसघशीत. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. तो वाचून गावोगावचे लोक गाड्या भरून निघतात आणि काट्यापर्यंत पोचेस्तोवर भाव खाली आलेला असतो. ओलावा जास्त आहे, कवडी आहे, प्रत कमी आहे. माझ्या वडिलांनी एका वर्षी तो फोटो पाहून घरात साठवलेला कापूस तीन दिवस आधी बाहेर काढला होता. परतताना बैलगाडीत ते एक शब्द बोलले नाहीत. मुहूर्ताचा भाव खोटा नव्हता, एका गाडीला तो खरोखर मिळाला होता. तो गाड्या बोलवण्यासाठी होता.

पैजेचा पहिला भावही असाच एक मुहूर्त असतो, फक्त त्याचं आमंत्रण वेगळ्या माणसांना असतं. परदेशातले मोठे बुकी रविवारी आकडा उघडतात तेव्हा त्यावर लावता येणारी रक्कम मुद्दाम लहान ठेवतात. तो आकडा म्हणजे जाणकारांना टाकलेला प्रश्न असतो: सांगा, आमचं कुठे चुकलं? जाणकार लावतात, आकडा दुरुस्त होतो, त्या दुरुस्तीची मजुरी म्हणून बुकी थोडे पैसे हरतो. मग आकडा पक्का झाला की रकमेची मर्यादा वाढवून सर्वांसाठी दार सताड उघडतो. कच्चा भाव थोड्यांना थोडाच मिळतो, आणि पक्का भाव तुम्हा-आम्हाला हवा तेवढा मिळतो. ज्या वस्तूची रांग लागलेली नाही आणि जी मागाल तेवढी मिळते, ती फायद्याची कशी असेल, एवढं तरी बाजारात वाढलेल्या माणसाला कळायला हवं.

वऱ्हाडाला हा धडा नवा नाही. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या रेल्वे फाट्याचं उद्घाटन केलं आणि त्याच सुमाराला तारायंत्राने इथला कापूस लिव्हरपूलच्या बाजाराशी बांधला गेला. तेव्हापासून इथल्या कापसाचा भाव आधी तारेवर ठरू लागला आणि मग बैलगाडीवाल्याला कळू लागला. कापूस पिकवणारा माणूस त्या साखळीत शेवटचा. भाव सरकल्याचं त्याला कळायचं, पण सरकण्याचा नफा त्याच्या आधीच्या हातांनी घेतलेला असायचा.

आणि याच कापसाच्या भावातून मुंबईचा मटका जन्मला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीला उघडला आणि कितीला बंद झाला, हे तारेने मुंबईत यायचं आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. पुतण्याच्या वहीतल्या 'पहिला भाव' आणि 'शेवटचा भाव' या दोन रकान्यांचे हे आजोबाच म्हणायचे. १९६१च्या सुमाराला न्यूयॉर्कचे आकडे येणं थांबलं. भाव वाचणं हा खरंच अभ्यास असता, तर अभ्यासाचा विषयच गेल्यावर खेळ बंद पडायला हवा होता. झालं उलट. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला मटका सुरू केला. आकडा मडक्यातल्या चिठ्ठ्यांतून, पुढे पत्त्यांतून निघू लागला. कापूस गेला, न्यूयॉर्क गेलं, 'ओपन-क्लोज' राहिलं आणि धंदा दसपट फोफावला.

तेव्हाही अभ्यास करणारे होतेच. आमच्या लहानपणी एसटी स्टँडवर भिंतीला टेकून जुने चार्ट वाचणारी माणसं असायची. गेल्या मंगळवारी काय ओपन आलं, त्याआधीच्या मंगळवारी काय आलं, जोडी कशी फिरते. पेन्सिलने रेघा मारून मारून त्या कागदाची चाळणी व्हायची. मडक्यातल्या चिठ्ठीला गेल्या मंगळवारची आठवण नसते, हे त्यांना कोणी पटवून देऊ शकलं नाही. अभ्यासाची सगळी लक्षणं त्यांच्यात होती: चिकाटी, टिपणं, शांतता, जागरण. पण केवळ कष्ट केल्याने कशाचा अभ्यास होत नाही. जे शोधतोय ते तिथे असावंही लागतं.

इथे पुतण्या नलराजाला पुढे करील. नल सगळं हरला, पण पुढे ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकला आणि पुष्कराकडून राज्य जिंकून परत मिळवलं. म्हणजे विद्येने जिंकता येतं! येतं ना. मीच वर म्हटलं की शेवटच्या भावाला मागे टाकणारा कमावतो. पण नलाच्या गोष्टीत एक सोय होती: विद्या शिकून आलेल्या नलाशी पुष्कर पुन्हा खेळायला बसला. आजचा पुष्कर बसत नाही. परदेशातल्या कायदेशीर कंपन्याही सातत्याने चांगला भाव पकडणारं गिऱ्हाईक ओळखतात आणि त्याची रकमेची मर्यादा चिल्लरीवर आणतात. हरणाऱ्याचं खातं मात्र चालू राहतं, त्याला बोनसही मिळतो. जिंकण्याची विद्या तुमच्याकडे आहे याची पहिली खूण म्हणजे तुम्हाला खेळू न देणं. पुतण्याला अजून कोणी अडवलेलं नाही. यावरून त्याने काय समजायचं ते समजावं.

आणि हे झालं जिथे कायदा आहे तिथलं. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर 'आयडी' मिळतो, पैसे कोणाच्या तरी भाड्याच्या बँक खात्यात जातात आणि हिशेब तोंडी होतो. १८७२च्या करार कायद्याच्या ३०व्या कलमाप्रमाणे पैजेचा करार रद्दबातल आहे. जिंकलेले पैसे दिले नाहीत म्हणून कोर्टात जाता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. कायद्याने खेळणाऱ्याला गुन्हेगार मानलं नाही, फसलेला मानलं. पुतण्याला याचा आनंद झाला होता. मला वाटतं, त्याला थोडा राग यायला हवा होता.

शिवाय जो भाव सरकताना दिसतो तो खरा बाजारभाव तरी आहे का? जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन सट्ट्यात सुमारे ५८ कोटी रुपयांना फसवल्याची तक्रार दिली. नागपूर पोलिसांनी गोंदियात छापा टाकला तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि सोनं सापडलं. आरोप असा होता की ज्या अॅपवर तो खेळत होता तेच बनावट होतं. खेळ, हारजीत, शिल्लक, सगळं पलीकडच्या माणसाच्या बोटावर. अशा ठिकाणी 'भाव का सरकला' हा प्रश्नच निरर्थक ठरतो. त्याला वाटलं म्हणून सरकला.

आता त्याचा शेवटचा आणि सगळ्यांत टोकदार मुद्दा. "काका, मग शेती काय वेगळी आहे? शेती हाच मोठा जुगार. बियाणं मातीत टाका, पाऊस आला तर आला, भाव मिळाला तर मिळाला."

हे वाक्य आपण शेतकरीच पारावर म्हणत आलो. तेव्हा ते दुःख होतं. पोरांनी त्याचा युक्तिवाद केला. त्यामागची जखम मला नाकारायची नाही. २०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून बऱ्याच कमी भावाने माल द्यावा लागला. ज्या वायदेबाजारात पुढच्या महिन्यांचा भाव आधी दिसू शकला असता, तो सोयाबीनचा वायदा सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये बंद केला आणि पुढे ती बंदी पुन्हा पुन्हा वाढवली. स्वतःच्या पिकाचा पुढचा भाव पाहायची सोय नाही आणि उद्याच्या सामन्याचा भाव मात्र रात्री दोन वाजताही फोनवर चमकतोय, अशा घरात वाढलेल्या पोराने शेवटी काय वाचावं? त्याची भूक मला समजते.

पण भूक खरी म्हणून अन्न खरं होत नाही. शेतीतली जोखीम आपण निर्माण केलेली नाही. ती आभाळात आणि बाजारात आधीपासून आहे. शेतकरी ती अंगावर घेतो आणि बदल्यात जगाला तेल, डाळ, कापूस मिळतो. वाईट वर्षीही ट्रॉलीत चार पोती असतात. पैजेत जोखीम मुळात नसते. सामना आपल्याशिवाय होणारच असतो. पैज लावून आपण एक नवी जोखीम जन्माला घालतो आणि तिच्या दोन्ही टोकांना मिळून जेवढा पैसा येतो, त्यातून बुकीचे दोन पैसे वजा होऊनच उरलेला वाटला जातो. शेतीत सगळ्यांचं वर्ष चांगलं जाऊ शकतं. पैजेत सगळ्यांचं चांगलं वर्ष कधीच येत नाही, येऊ शकत नाही.

कोणी म्हणेल, शेअर बाजारातही हेच चालतं. त्यातल्या एका कोपऱ्यात हेच चालतं, आणि तिथली आकडेवारी सरकारी आहे. वायदे आणि ऑप्शनमध्ये खेळणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांचा हिशेब सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये मांडला. आधीच्या तीन आर्थिक वर्षांत त्यांतल्या ९३ टक्के लोकांनी पैसा गमावला, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. तो बाजार कायदेशीर आहे, भाव खरे आहेत, तक्रारीला जागा आहे. तरीही सरकता भाव पाहून मागे धावणाऱ्यांची ही गत. मग चोरट्या आयडीवर काय होत असेल!

"मग सट्टा कायदेशीर करा, फसवणूक थांबेल," असंही म्हणतात. लोढा समितीने २०१६ मध्ये क्रिकेटमधल्या सट्ट्याला कायदेशीर चौकट द्यायची शिफारस केली होती, विधी आयोगाने २०१८च्या अहवालात नियमनाचा पर्याय मांडला होता, अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये राज्यांना वाट मोकळी करून दिली. चर्चा व्हावी. कायद्याने आयडीवाला पळून जाणं थांबेल, कर मिळेल. पण वर मांडलेला अकराशेच्या तोट्याचा हिशेब पुन्हा वाचा. त्यात कोणी पळून गेलेलं नाही, कोणी फसवलेलं नाही, प्रत्येक रुपया वेळेवर दिलेला आहे. प्रामाणिक बुकीकडेही उशिरा आलेला माणूस हरतो.

हे सगळं मी पुतण्याला एकदम सांगितलं नाही. त्या दिवशी उपदेश झाल्यावर त्याच्या वहीकडे पाहून एवढंच विचारलं की तू लावलास तो भाव कुठे लिहिलाय? तो गोंधळला. पहिला भाव होता, शेवटचा होता, निकाल होता. त्याला स्वतःला मिळालेला भाव कुठेच नव्हता. त्याच्या मनात तो पहिल्या भावालाच धरून चालला होता, कारण हालचाल तिथून सुरू झाली होती. मी म्हटलं, "दोन्ही भावांच्या मधे एक तिसरा रकाना आख. पैसे लावू नको, नुसतं लिही. तुला हालचाल दिसली त्या मिनिटाला जो भाव मिळत होता, तो."

महिन्याभराने पुन्हा सुलतानपूरला गेलो. वही हॉटेलातच त्याच्या पिशवीत होती. तिसरा रकाना पट्टीने आखलेला होता आणि अकरा ओळी भरल्या होत्या. नऊ ओळींत तिसऱ्या रकान्यातला आकडा शेवटच्या भावाला चिकटलेला होता, एक-दोन पैशांच्या अंतराने. एका ओळीत तो शेवटच्या भावाहूनही वाईट होता, म्हणजे भाव सरकला आणि मागे फिरला, हा मात्र टोकावर सापडला. एकाच ओळीत काहीतरी हाती लागण्यासारखं होतं. हिरव्या खुणा याही वेळी जास्तच होत्या.

बराच वेळ तो त्या पानाकडे पाहत बसला. चहा आला, त्यावर साय धरली. मग त्याने पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाला, "काका, हा रकाना काढून टाकला तर चालेल का?"